ट्यूब काढली, हवा उतरवली: ट्यूबलेस टायर पुण्याच्या रस्त्यांवर मोजताना

रोड बाइकचा टायर विकत घ्यायला गेलं की वॅटचा, म्हणजे टायर फिरताना किती शक्ती खातो त्याचा, आकडा समोर येतोच. जुन्या मॉडेलपेक्षा इतके वॅट कमी, ट्यूब असलेल्यापेक्षा इतके वॅट कमी. हा आकडा बहुतेक वेळा पोलादी ड्रमवरून आलेला असतो. मोटरवर ड्रम फिरतो, चाक ठरावीक वजनाने त्यावर दाबून धरतात आणि ड्रमचा वेग टिकवायला किती शक्ती लागते ते पाहतात. ही पद्धत चांगली आहे. वारा नाही, चढ-उतार नाही, त्यामुळे दोन टायरची तुलना स्वच्छ होते. पण त्या चाकावर माणूस बसलेला नसतो, आणि मला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं. मी बसलेली असताना, आपल्याकडच्या डांबरावर, ट्यूबलेसने काय फरक पडतो?

पुण्यात सायकलिंग करणाऱ्या बहुतेकांप्रमाणे मीही वर्षानुवर्षं टायर अंगठ्याने दाबून पाहत आणि 100 पीएसआय भरत आले. ग्रुपमध्ये सगळे तेच सांगायचे. जितकी हवा जास्त तितकी सायकल हलकी पळते, हे इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं की कुणी पडताळून बघत नाही. माझ्याकडे क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) पायांची शक्ती मोजणारा पॉवर मीटर होता, चाकाच्या मधोमध हबला लावायचा स्पीड सेन्सर होता आणि मोजमापाची मनापासून आवड होती. मैत्रिणीने तिच्या चाकांचा जोड काही आठवड्यांसाठी दिला, अगदी माझ्यासारखाच, त्याच मॉडेलचा. म्हणजे एका जोडावर ट्यूब आणि दुसऱ्यावर ट्यूबलेस बसवून काही मिनिटांत अदलाबदल करता येणार होती. टायर दोन्हीकडे तेच, 28 मिमी, ट्यूबलेस-रेडी, म्हणजे ट्यूब घालून किंवा न घालताही चालणारे. ब्रँड मी लिहीत नाही, कारण प्रश्न ब्रँडचा नव्हताच. एकाच टायरमध्ये ट्यूब असणं आणि नसणं, आणि हवा किती, एवढाच प्रश्न होता.

रोडला ट्यूबलेस तसं उशिराच आलं. माउंटन बाइकसाठी माविक या चाकांच्या कंपनीने यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत 1999 मध्ये आणली. रोडसाठी हचिन्सन आणि शिमानो या कंपन्यांनी 2006 मध्ये टायर आणि चाक जोडीने बाजारात उतरवलं. त्यानंतरही बरीच वर्षं रोडवाले ट्यूबला चिकटून राहिले, कारण रोडच्या टायरमध्ये हवेचा दाब जास्त आणि आकारमान कमी. बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कडा, जरा सैल असलं तर टायर रिमवरून सुटण्याची भीती, आणि घट्ट असलं तर बसवताना बोटं सोलून निघायची. आता टायर रुंद झाले, दाब खाली आला, म्हणून गाडी रुळावर आली.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्मे लोक इथेच कंटाळून सोडून देतात. माझ्या रिमची आतली रुंदी 21 मिमी, म्हणून रिमच्या आतली आऱ्यांची भोकं हवाबंद करणारी टेप 25 मिमीची घेतली. रिम आधी स्पिरिटने पुसून कोरडी केली. टेप ताणून, हवेचा बुडबुडा न राहू देता लावली, व्हॉल्वच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर दुहेरी केली आणि दिवसभर आत ट्यूब भरून ठेवली, म्हणजे टेप नीट दाबून बसते. व्हॉल्वसाठी टेपला ब्लेडने चिरायचं नाही. तापवलेल्या दाभणाने गोल भोक पाडायचं. चिरलेली टेप पुढे फाटत जाते आणि सीलंट, म्हणजे भोकं बुजवायला टायरमध्ये घालतात ते द्रव, तिथूनच झिरपतं.

टायर हाताने चढला. शेवटचा वीतभर भाग चढवताना बाकी सगळं बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकललं की ढिलाई मिळते, लिव्हरची गरज पडत नाही. खरी अडचण पुढे असते. फ्लोअर पंपाने हवा जितक्या वेगाने आत जाते तितक्याच वेगाने बीडच्या कडेने बाहेर पडते. म्हणून चाकं घेऊन ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्यांनी आत बोट घालून पाहिलं.

“ताई, यात ट्यूब कुठंय?”

“नाही टाकायची मामा. स्कूटरच्या टायरसारखं.”

“एवढ्या बारीक टायरला?”

मी व्हॉल्वचा कोअर, म्हणजे आतली हवा अडवणारी पिन, काढून दिला, दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावलं आणि अडॉप्टर बसवला. मामांनी एकदम जोरात हवा सोडली. टायर फुगला, फेस कडेने बुडबुडला आणि मग टक्क, टक्क असे दोन खणखणीत आवाज आले. दोन्ही बीड जागेवर बसल्याची ती खूण. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसते का हे मामांनी माझ्याआधी पाहिलं. त्यांच्या हाताला ट्रकच्या टायरची सवय, नजर लगेच तिथे गेली. मग हवा सोडली, कोअरच्या भोकातून सिरिंजने 40 मिलि सीलंट घातलं, कोअर लावला, पुन्हा भरलं. घरी आल्यावर चाक दोन्ही कुशींवर आडवं ठेवून, फिरवून सगळीकडे सीलंट पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या चाकात हवा तशीच होती. मागचं व्हॉल्वच्या बुडाशी थोडं झिरपत होतं, ते नट बोटाने अर्धा फेरा आवळल्यावर थांबलं.

इथे एक गोष्ट मात्र नीट पाहा. रिमला हूक, म्हणजे टायरची कडा अडकून राहावी म्हणून आत वळलेला काठ, आहे की नाही. हूकलेस रिमवर रोड टायरसाठी दाबाची मर्यादा 5 बार, म्हणजे साधारण 72 पीएसआय आहे, आणि टायरही हूकलेससाठी मान्य असलेलाच लागतो. माझ्या रिमला हूक आहे, म्हणून मी वरच्या दाबांची चाचणी घेऊ शकले. हूकलेसवर 90 पीएसआय भरून बघू नका. टायर धावत्या सायकलवर सुटला तर काय होईल हे सांगायला नको.

आता मोजणी. सायकल चालवताना शक्ती कुठे कुठे जाते? हवेला ढकलण्यात, टायर लोळवण्यात, चढ चढण्यात आणि वेग वाढवण्यात. चेनमध्ये थोडी जाते, ती दोन्ही वेळी सारखीच. टायरचा वाटा एका आकड्यात सांगतात, सीआरआर, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक. सायकल, मी, पाणी, हेल्मेट सगळं मिळून 75 किलो. सीआरआर 0.005 धरला तर ताशी 30 किमीला टायर सुमारे 30 वॅट खातात, आणि त्याच वेगाला हवा खाते शंभराच्या वर. म्हणजे जोरात चालवून टायर मोजायला गेलं तर हवेच्या गोंगाटात टायरचा फरक बुडून जातो. अंगावरचं जर्सी फडफडलं तरी दोन वॅट इकडे-तिकडे. ताशी 15 ला मात्र चित्र बदलतं. हवा साधारण 13 वॅट, टायर 15 वॅट. टायर मोजायचा तर हळू चालवायचं, हे पहिलं सूत्र मला या हिशोबातून मिळालं आणि शेवटपर्यंत उपयोगी पडलं.

जागा शोधण्यात बरेच दिवस गेले. हिंजवडीच्या पलीकडे प्लॉट पाडलेली पण अजून न वसलेली एक वसाहत आहे. आत साधारण किलोमीटरभराचा गोल रस्ता, डांबर नवं आणि गुळगुळीत, मध्ये हलकासा उतार आणि पलीकडून तेवढाच चढ. ब्रेक न लावता पूर्ण फेरी मारता येते, आणि याला फार महत्त्व आहे. ब्रेकमध्ये गेलेली शक्ती कुठेच नोंदली जात नाही आणि हिशोब फसतो. वॉचमनकाकांना काय करणार आहे ते सांगून परवानगी घेतली. ते पहाटे कुत्र्यांना दुसऱ्या गेटकडे घेऊन जायचे, हे उपकार मी विसरणार नाही.

वेळ हिवाळ्यातली पहाट. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य वर येईपर्यंत बहुतेक वेळा पानही हलत नाही. गेटजवळच्या झुडपाला लोकरीचा धागा बांधून ठेवला होता. तो लोंबता असेपर्यंत चाचणी, हलायला लागला की त्या दिवसापुरतं बंद.

हिशोबासाठी रॉबर्ट चुंग यांची पद्धत वापरली. सायकलिंगमध्ये आकडेमोड करणाऱ्यांत तिला व्हर्च्युअल एलेव्हेशन म्हणतात. कल्पना अतिशय सुंदर आहे. पॉवर मीटर दर सेकंदाला सांगतो की मी किती शक्ती घातली, सेन्सर सांगतो की वेग किती. सीआरआर आणि हवेच्या विरोधाचा गुणांक अंदाजाने धरला की दर सेकंदाला रस्ता किती चढता किंवा उतरता असायला हवा ते गणिताने काढता येतं. ते जोडत गेलं की रस्त्याचा एक काल्पनिक उंच-सखलपणा तयार होतो. मी तर गोल फिरतेय. दर फेरीला त्याच गेटशी परत येतेय. म्हणजे दर फेरीअंती उंची तीच यायला हवी. सीआरआर जास्त धरला असेल तर आलेख फेरीगणिक खाली उतरत जातो, कमी धरला असेल तर पायऱ्यांनी वर चढत जातो. तो सपाट बसेल असा आकडा शोधायचा. गोल्डन चीता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं, पण मी स्वतःची शीट बनवली, कारण प्रत्येक रकान्यात काय चाललंय ते मला पाहायचं होतं. पहिल्यांदा आलेखात माझ्या गोल रस्त्याचा तो हलका खोलगट भाग फेरीमागून फेरी जसाच्या तसा उमटला, तेव्हा किती आनंद झाला ते शब्दांत सांगता यायचं नाही. उंची मोजणारं कुठलंच यंत्र वापरलं नव्हतं. फक्त पायांची ताकद आणि चाकाचा वेग, आणि त्यातून रस्ता उमटला.

एका समीकरणात दोन अज्ञात असल्यामुळे काही फेऱ्या हळू आणि काही जोरात मारायच्या. हळू फेऱ्यांत टायरचा वाटा मोठा, जोरातल्यांत हवेचा. दोन्हीला या दोन आकड्यांची एकच जोडी लागू पडली पाहिजे. कपडे तेच, हात हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींवर), डोक्याची ठेवण तीच. हवेची घनताही दरवेळी तापमान आणि दाबावरून काढली. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे थंड पहाटेही ती समुद्रसपाटीपेक्षा कमी, साधारण 1.14 किलो प्रति घनमीटर येते. पुस्तकी 1.225 टाकला असता तर हवेच्या विरोधाचा गुणांक खोटाच कमी आला असता.

बारीक गोष्टींकडे इथे सगळ्यात जास्त लक्ष लागतं. त्यातली पहिली चाकाचा परीघ. सायकल कॉम्प्युटरच्या तक्त्यात 700×25 ला 2105 मिमी आणि 700×28 ला 2136 मिमी असतं. फरक दीड टक्का. ऐकायला किरकोळ वाटतो, पण सेन्सरमध्ये चुकीचा परीघ राहिला तर वेग दीड टक्क्याने चुकतो आणि ताशी 30 ला हिशोबात पाचएक वॅटची गफलत होते. ट्यूब आणि ट्यूबलेसमधला सगळा फरकच त्याहून कमी. म्हणून तक्त्यावर विसंबायचं नाही. मी टायरवर खडूची रेघ मारली, पार्किंगच्या फरशीवर सायकलवर बसून, भिंतीला एक हात टेकून सरळ पुढे गेले आणि अनेक फेऱ्यांनंतर उमटलेल्या खुणांमधलं अंतर टेपने मोजून सरासरी काढली. बसून मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो. 90 पीएसआय आणि 50 पीएसआय यांत पंधराएक मिलिमीटरचा फरक आला. दर दाबाला नवा परीघ भरला.

दुसरी गोष्ट दाब. फ्लोअर पंपाच्या काट्यावर भरवसा नको, डिजिटल गेज घ्या आणि सगळ्या चाचणीला एकच गेज वापरा. आणि हवा कुठे भरता हे बघा. बंद टायरमध्ये तापमान वाढलं की दाब वाढतो. पहाटे 14 अंशाला 70 पीएसआय भरलेला टायर दुपारी 30 अंशाला साडेचार पीएसआयने वर गेलेला असतो, टायरला कुणी हात न लावता. शिवाय गरम रबर लोळायला सोपं जातं, म्हणून पहाटेच्या आकड्याची तुलना दुपारच्या आकड्याशी करताच येत नाही. मी चाकं रात्रीच गॅलरीत ठेवायचे आणि जागेवर पोचल्यावर दाब पुन्हा लावायचे.

तिसरी, पॉवर मीटरचा शून्य. ताशी 15 ला जेमतेम तीसेक वॅट लागतात, तिथे शून्य जरासं सरकलेलं असलं तरी टक्केवारीत मोठी चूक होते. दर चाक बदलल्यावर झीरो ऑफसेट केला. आणि क्रम नेहमी अ-ब-अ ठेवला. आधी ट्यूब, मग ट्यूबलेस, मग परत ट्यूब. पहिला आणि तिसरा आकडा जुळला तरच मधल्याला अर्थ. जुळला नाही तर त्या दिवसाचं सगळं बाजूला. असे बाजूला टाकलेले दिवस बरेच होते, आणि मला वाटतं या चाचणीतला सगळ्यात प्रामाणिक भाग तोच आहे.

गुळगुळीत डांबरावर, 70 पीएसआयला, साध्या ब्यूटाइल ट्यूबचा सीआरआर 0.0052 च्या आसपास आला आणि ट्यूबलेसचा 0.0047. तीच चाचणी पुन्हा पुन्हा केली की आकडे 0.0002 च्या पट्ट्यात हलत होते, म्हणजे हा फरक गोंगाटापेक्षा मोठा आहे, खरा आहे. ताशी 30 ला त्याचे तीनेक वॅट होतात. कारणही समजण्यासारखं आहे. टायर जमिनीला लागतो तिथे चपटा होतो आणि पुढे परत गोल होतो. प्रत्येक वेळी वाकलेलं रबर सगळी शक्ती परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. ब्यूटाइल ट्यूब म्हणजे आतला आणखी एक जाड रबराचा थर, तोही वाकतो आणि टायरला घासतोही. तो थर काढला की तेवढं वाचतं. म्हणूनच मी टीपीयू या लवचिक प्लास्टिकची पातळ ट्यूबही घालून पाहिली. तिचा आकडा ट्यूबलेसच्या इतका जवळ आला की तो फरक माझ्या मोजणीच्या आवाक्याबाहेरचा आहे. दोघांत कोण पुढे हे मी सांगणार नाही. केवळ तीन वॅटसाठी कुणी सीलंटच्या भानगडीत पडत असेल तर त्याने आधी टीपीयू ट्यूब वापरून पाहावी, असं माझं स्पष्ट मत झालं.

पण माझं मन ट्यूबलेसवर बसलं ते दुसऱ्याच चाचणीमुळे. मुळशीकडे जाताना आतल्या गावांना जोडणारे जुने डांबरी रस्ते आहेत. वरचं डांबर झिजून खडी उघडी पडलेली, खड्डे फारसे नाहीत पण हाताला सतत झिणझिण्या. तिथे गोल रस्ता मिळाला नाही, म्हणून जाऊन-येऊन अशा फेऱ्या मारल्या, दोन्ही टोकांना पेडल न थांबवता मोठ्या वळशाने वळून. पडताळणी तीच, त्याच दगडाशी आल्यावर उंची तीच आली पाहिजे.

गुळगुळीत रस्त्यावर ट्यूबलेसमध्ये हवा 50 वरून 80 पर्यंत वाढवत नेली तसा सीआरआर हळूहळू कमी होत गेला, 0.0052 वरून 0.0046. 80 च्या पुढे 90 ला काहीच हाती लागलं नाही. ड्रमवर जे दिसतं त्याच दिशेने हे जातं. उघड्या खडीवर मात्र आकडे उलटे फिरले. 60 च्या आसपास सगळ्यात कमी, 0.0068. तिथून हवा वाढवली की सीआरआर वाढायला लागला आणि 90 ला 0.0078 पर्यंत गेला. म्हणजे ताशी 30 ला सहा वॅटचं नुकसान, केवळ जास्त हवा भरल्यामुळे. ट्यूब काढून जे मिळालं त्याच्या दुप्पट.

यामागचं कारण ड्रमवर दिसू शकत नाही, कारण ते सायकलवर बसलेल्या माणसात आहे. टायर कडक असला की खडीचा प्रत्येक उंचवटा टायर गिळत नाही, सगळी सायकल आणि वरचं शरीर वर उचललं जातं. ती हालचाल आपल्या मांड्या, पोट, दंड यांच्या मऊ भागात जिरते आणि उष्णता होऊन जाते. ती शक्ती आपल्याच पायांनी दिलेली असते. बायसिकल क्वार्टर्ली या मासिकाचे यान हाइने हे वीस वर्षांपूर्वीपासून सांगत आले आहेत. त्यांनी रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवर पॉवर मीटर लावून चाचण्या घेतल्या होत्या. सिल्का या पंप बनवणाऱ्या कंपनीचे जॉश पर्टनर यांनी त्याला ब्रेक पॉइंटचं रूप दिलं, म्हणजे ज्या दाबापुढे तोटा एकदम वाढायला लागतो तो बिंदू. हे सगळं मी वाचलेलं होतं, तरी स्वतःच्या शीटमध्ये रेघ खाली येऊन पुन्हा वर वळताना पाहिली तेव्हाच ते खऱ्या अर्थाने पटलं. एक लक्षात घ्या, हे नुकसान दोन्ही बाजूंना सारखं नाही. पाच-सात पीएसआय कमी भरले तर तोटा अगदी थोडा, तेवढेच जास्त भरले तर खराब रस्त्यावर तोटा मोठा. शंका असेल तेव्हा हवा कमीच ठेवलेली बरी.

आणि इथेच ट्यूबलेस कामी येतं. ट्यूब असताना 60 पीएसआयला मी कधीच हिंमत केली नव्हती, कारण खड्ड्याची कडा लागली की ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते आणि दोन समांतर भोकं पडतात. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय? टायर रिमला टेकू नये इतकी काळजी घ्यावी लागते, पण कमी दाबाची वाट मोकळी होते. ट्यूबलेसचा वेग ट्यूब काढल्यामुळे जितका वाढतो, त्याहून जास्त तो हवा उतरवण्याची मुभा मिळाल्यामुळे वाढतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर तरी नक्कीच.

शहरातले सिमेंटचे रस्तेही मोजून पाहिले. त्यांना पाणी निघून जायला आडव्या बारीक खाचा मारलेल्या असतात, टायर त्यावर गुणगुणतो. तिथला आकडा नव्या डांबराच्या जरासा वर आला आणि सर्वांत चांगला दाब 65-70 च्या आसपास. सांध्यांच्या धक्क्यांमुळे आकडे फार विखुरले होते, म्हणून त्यावर जास्त भर देत नाही.

राहिली पंक्चरची गोष्ट. वॅट कितीही वाचोत, ताम्हिणीच्या उतारावर टायर बसला तर सगळं फोल. म्हणून एक झिजलेला टायर बसवून, सीलंट घालून मुद्दाम भोकं पाडली. आधी वेड्या बाभळीचा काटा, दख्खनच्या रस्त्यांवर हाच नेहमीचा शत्रू. काटा घुसलेला असताना हवा जातच नाही. उपटला की बारीक पांढरी धार उडते. चाक फिरवून भोक खाली आणलं, दोन-तीन फेऱ्यांत फुसफुस थांबली. दाब जेमतेम दोन-तीन पीएसआय उतरला. हायवेच्या कडेला फाटलेल्या ट्रक टायरमधून निघालेल्या केसासारख्या पोलादी तारा पडलेल्या असतात, त्यातली एक टोचून पाहिली, तेही असंच मिटलं. पंचाईत झाली ती 2 मिमीच्या खिळ्याने. 70 पीएसआयला सीलंट भोकाशी जमायचं आणि दाब ते उडवून लावायचा. भिंतीवर पांढरा फवारा. हवा 40 च्या आसपास उतरली तेव्हा भोक मिटलं. पुन्हा 70 भरल्यावर उघडलं, 55 ला मात्र तसंच राहिलं. कमी दाबाचा हा आणखी एक फायदा, सीलंटला काम करायला वाव मिळतो. पाव इंचाच्या कापाला सीलंट पुरत नाही, तिथे रबराचा चिकट प्लग टोचावा लागतो. तो किट आणि एक टीपीयू ट्यूब मी लांबच्या राइडला खिशात ठेवतेच. झटकन हवा भरायला छोटे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलेंडर वापरणाऱ्यांनी सीलंटची बाटली वाचून घ्यावी, काही लॅटेक्स सीलंट सीओटूच्या थंडीने गोठून गुठळ्या धरतात.

देखभाल आहे, हे लपवत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात सीलंट वाळतं. व्हॉल्वचा कोअर काढून बारीक काडी आत घालून बघते, ओली निघाली तर ठीक, नाहीतर 20 मिलि वाढवते. कोअरमध्ये लॅटेक्स साचून हवा भरताना अडकायला लागली की नवा कोअर लावायचा, तो स्वस्त असतो, खरवडत बसू नये. वजनात म्हणाल तर साध्या ट्यूबच्या जागी सीलंट, व्हॉल्व आणि टेप आली की फारसा फरक उरत नाही.

सध्या मी पुढे 58 आणि मागे 62 वर चालवते, 75 किलोच्या एकूण वजनाला, 28 मिमीच्या टायरवर. तुमचं वजन जास्त असेल तर आकडे वर जातील, टायर रुंद असेल तर खाली. माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. ज्या रस्त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त चालवता तिथेच, शांत पहाटे, एकच कपडे आणि एकच बसण्याची पद्धत ठेवून मोजा. पॉवर मीटर नसेल तर एका हलक्या उतारावर ठरावीक दगडापासून पेडल न मारता सायकल सोडा आणि ती पुढच्या सपाटीवर कुठे थांबते त्याची खूण करा. दोन दाबांमधला ढोबळ फरक त्यातही दिसतो, फक्त प्रत्येक दाब पुन्हा पुन्हा करायचा आणि शेवटी पहिल्यावर परत यायचं.

माझ्या फ्रेममध्ये 32 मिमी बसतो. पुढच्या थंडीत तोच जोड, तोच गोल रस्ता आणि तोच मुळशीकडचा रस्ता घेऊन 28 विरुद्ध 32 करायचं ठरवलं आहे, दोन्ही ट्यूबलेस. जाहिरातीत लिहिलेली रुंदी आणि रिमवर बसल्यावरची रुंदी यांत फरक पडतो, म्हणून कॅलिपरने मोजून सुरुवात करणार आहे. माझा 28 चा टायर 21 मिमीच्या रिमवर साडेएकोणतीस भरतो.